वहिनीने निरोप घेतला नाही

निवृत्त झाल्यापासून माझ्या धाकट्या भावाला वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची खोड लागली आहे. घरात ऐकायला कुणाला वेळ नसतो, म्हणून सकाळी तो दोन जिने उतरून माझ्या खोलीत येतो. मी तळमजल्यावर एकटी राहते आणि गुडघ्यांमुळे कुठे पळून जाऊ शकत नाही, त्यामुळे आयतीच सापडते.

एका सकाळी त्याने पान उलगडलं. “ताई, हे बघ. कुठल्या देशात किती बायका नोकरी करतात, किती पुरुष, कुठल्या वयात, सगळा तक्ता दिलाय. आपला देश वरून शोधू नकोस, खालून शोध, लवकर सापडेल.”

“कारण काय दिलंय?”

“संस्कृती, शिक्षण, अर्थव्यवस्था, नेहमीचंच. खरं कारण मी सांगतो तुला. आपल्या बायकांना बाहेर पडायची मुळात हौसच नाही.”

हे तो बोलत होता तेव्हा त्याची बायको माझ्या दारात एका पायावर उभी राहून बुटाची नाडी बांधत होती. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा, दातांत केसांची पिन. पिन काढून ती म्हणाली, “अहो, ही बिनहौशी बाई कामाला निघाली. सूनबाई बाळाला आंघोळ घालतेय, गॅसवर दूध ठेवलंय. वर जा नि बघा.”

“जातो, जातो,” म्हणत त्याने पान उलटलं. दूध अर्थातच उतू गेलं. वास खालपर्यंत आला.

ती धाकट्या भावाची बायको, तेव्हा खरं तर मी तिला नावाने हाक मारायला हवी. पण लग्न होऊन आली त्या दिवशी तोंडून ‘वहिनी’ निघालं आणि तेच राहिलं. ती मला ‘वन्सं’ म्हणते, तेही थोडं चिडवायला.

वहिनी औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या भरल्या, तोंडं वितळवून बंद केली, की त्या या बायकांपुढे येतात. प्रत्येकीपुढे एक उजेडाची पेटी असते. तिची मागची बाजू अर्धी काळी, अर्धी पांढरी. कुपी मानेला धरून हलकेच फिरवायची, आधी काळ्यापुढे पाहायची, मग पांढऱ्यापुढे. काळ्यापुढे काचेचा कण किंवा तंतू चमकतो, पांढऱ्यापुढे काळा ठिपका दिसतो. दिसला की कुपी बाद. दिसला नाही तर ती कुणाच्या तरी शिरेत जाणार. वहिनी म्हणते, “डोळे दमतात ते सोसतं हो, वन्सं. शंभर चांगल्या पाहिल्या की पुढचीही चांगलीच असणार असं मन सांगायला लागतं. त्या मनाला गप्प बसवायचं, तीच खरी नोकरी.”

तिला हे काम आवडतं. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण बाई नोकरी करते म्हटलं की लोक लगेच “काय करणार, गरज असते” असं म्हणून मान हलवतात. गरज होतीच. पण त्या पेटीपुढे ती कुणाची आई नसते, कुणाची बायको नसते, आणि तिने “नाही” म्हटलं की ती कुपी बाद होते. घरात तिच्या “नाही”ला एवढी किंमत कधीच नव्हती.

लग्नाआधी ती तिथे लागली. मुलगा झाला तेव्हा नोकरी सुटली. ‘सोडली’ असं माझा भाऊ म्हणतो. बाळाला ठेवायला कुणी नव्हतं, तिने रजा वाढवून मागितली, ती मिळाली नाही. याला सोडणं म्हणायचं असेल तर म्हणा. चाळिशीला ती पुन्हा विचारायला गेली, तेव्हा तिथल्या साहेबांनी सांगितलं की वय जास्त झालं. माझा भाऊ तिच्याहून मोठा. त्याच वर्षी त्याच्या ऑफिसने त्याला अनुभवी माणूस म्हणून बढती दिली. शेवटी ती ठेकेदारामार्फत आत शिरली, बरीच वर्षं कच्ची राहिली, आणि पन्नाशीच्या तोंडाशी पक्की झाली. यंत्रांवरचे पुरुष साठीपर्यंत काम करतात. तपासणीतल्या बायकांना पंचावन्नाव्या वर्षी घरी पाठवतात. कारण विचारलं तर डोळे. दर सहा महिन्यांनी त्यांचे डोळे तपासतात, नापास झाली तर ती बाई काढा ना. आणि यंत्रांवरचे बाप्ये डोळे मिटून काम करतात की काय?

माझी मुलगी दूरच्या देशात राहते. तिच्या शेजारची बाई साठी उलटल्यावरही ट्राम चालवते. फोनवर हे ऐकून माझा भाऊ म्हणाला होता, “त्या लोकांची गोष्टच वेगळी.” मी मुलीला विचारलं, “काय गं वेगळं आहे?” ती म्हणाली, “काही नाही गं आई. कोपऱ्यावर पाळणाघर आहे, आणि ते सहा वाजेपर्यंत उघडं असतं.” झालं. संस्कृती म्हणतात ती एवढीशी.

आता त्या शुक्रवारची गोष्ट.

भावाच्या मुलाला मुलगी झाली होती. मी तिला चिमणी म्हणते. सूनबाई एका प्रयोगशाळेत रक्ताच्या तपासण्या करते. तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती. सोमवारी हजर व्हायचं, नाही तर जागा गेली, इतकं सरळ. म्हणजे प्रश्न एकच होता: सोमवारपासून चिमणीजवळ कोण?

या प्रश्नावर घरात एकदाही सगळे मिळून बोलले नाहीत. माझा भाऊ एकेकाशी बोलला. सूनबाईला म्हणाला, “काळजी करू नकोस, आईच थांबायचं म्हणतेय.” तिला इतकं बरं वाटलं की तिने सासूला जाऊन विचारलं नाही, विचारलं आणि विचार बदलला तर? वहिनीला म्हणाला, “सूनबाई रजा वाढवून घेतेय, बोलणं चाललंय तिचं.” वहिनीनेही विचारलं नाही, सासूने रजेबद्दल विचारलं की सुनेला ती उलटतपासणी वाटते, हे तिला ठाऊक. दोघी एकमेकींना जपत होत्या आणि हा गृहस्थ मधे बसून दोघींना खोटं सांगत होता.

कारखान्याचा मॅनेजर त्याच्याबरोबर सकाळी फिरायला असतो. त्याला हा म्हणाला, “आमची मंडळी आता थांबायचं म्हणताहेत. घरात नात आलीये.” मॅनेजरला तेच हवं होतं. एक पक्की बाई गेली की तिच्या जागी ठेकेदाराच्या दोन कच्च्या पोरी बसवता येतात, आणि त्यांची लग्नं झाली की आणखी दोन. तो म्हणाला, “छान! शुक्रवारीच निरोप समारंभ करून टाकू. राजीनाम्यावरची सही काय, त्यांना तिथेच देता येईल.”

वहिनीला कुणी विचारलं नाही. नवरा बोलला म्हणजे बायको बोलली, हे दोघांनी इतकं गृहीत धरलं होतं की विचारायचं राहून गेलंय हेही त्यांच्या लक्षात आलं नाही. समारंभ आधी, सही मागाहून. ही चूक झाली म्हणून बरं.

मला भावाने सांगितलं, “ताई, शुक्रवारी दुपारी तयार राहा. कारखान्यात हिचा सत्कार आहे. बोलू नकोस, तिला माहीत नाहीये.” सत्कार म्हटल्यावर मला आनंद झाला. मी चांगले कपडे काढले, काठी पुसली.

टॅक्सीतून आम्ही गेलो. मी, भाऊ, त्याचा मुलगा, सूनबाई आणि तिच्या मांडीवर चिमणी. उपाहारगृहाकडे जाताना एका दारावर पाटी दिसली, ‘पाळणाघर’. दार उघडंच होतं. आत छतापर्यंत पुठ्ठ्याची खोकी. मी रखवालदाराला विचारलं, “बाळं कुठल्या खोक्यात ठेवता?”

तो हसला. “आजी, ही पाटी साहेब लोक तपासायला येतात त्यांच्यासाठी. ते आले की खोकी मागे जातात.”

उपाहारगृहात टेबलं भिंतीला लावून खुर्च्यांच्या रांगा केल्या होत्या. समोर हातांची एक मोठी खुर्ची, तिच्यापुढे फुलं, फुलांशेजारी एक कागद आणि पेन. त्या कारखान्यात जाणाऱ्याच्या घरच्यांना पहिल्या रांगेत बसवतात, तसं आम्हाला बसवलं. मागे यंत्रांवरचे लोक, खोकी बांधणारे लोक, चहाचे कप, कुजबुज.

मग तपासणीतल्या बायका आल्या, डोक्यावरच्या टोप्या काढत. वहिनी सर्वांत शेवटी, शेजारच्या पेटीवर बसणाऱ्या बाईशी बोलत. ही शेजारीण तिच्याच वयाची, सडपातळ, जिभेने तिखट. सगळे तिला मिरची म्हणतात. वहिनी तिला म्हणत होती, “अगं, कोण चाललंय पण? चार दिवसांपूर्वी डबा फिरला, मी पैसे टाकले, नाव विचारायचं राहिलंच.”

म्हणजे आपल्याच निरोपाच्या भेटवस्तूसाठी तिने वर्गणी भरली होती.

आणि मग तिला आम्ही दिसलो. मी काठी घेऊन, नवरा इस्त्रीच्या शर्टात, मुलगा, सून, तान्ही नात, सगळे कारखान्यात. ती धावत आली आणि पहिलं चिमणीच्या कपाळाला हात लावला. “काय झालं? कुणाला काय झालंय? वन्सं, बोला ना!”

“काही झालं नाही गं,” मी म्हटलं. “तुझा सत्कार आहे.”

“माझा? कशाबद्दल?”

मॅनेजर माईक हातात घेऊन पुढे झाला. “या, या. आजच्या उत्सवमूर्तीच आल्या. तुमच्याशिवाय विभाग सुना होणार, पण घराची हाक मोठी असते. कुटुंबाला आता तुमची गरज आहे, आणि तुम्ही स्वखुशीने...”

“थांबा,” वहिनी म्हणाली. “कोण चाललंय?”

“म्हणजे... तुम्ही.”

“कुठे?”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मॅनेजरने माझ्या भावाकडे पाहिलं. भाऊ उठला. “अगं, घरी बोलणं झालं होतंच की.”

“कुणाशी झालं? माझ्याशी?”

“असं काय करतेस सगळ्यांपुढे? चिमणीसाठीच ना? सोमवारी सूनबाई जाणार.”

“तुम्ही तर म्हणालात ती रजा वाढवतेय!”

“रजा?” सूनबाई उभी राहिली. “बाबा, तुम्ही मला सांगितलंत आई स्वतःहून थांबताहेत. मी सोमवारचं कळवून बसलेय. आई, शप्पथ, मला वाटलं तुमचंच ठरलंय.”

वहिनी मुलाकडे वळली. “आणि तुला काय वाटलं?”

“बाबा म्हणाले म्हणजे...” तो बुटांकडे बघायला लागला. तीस वर्षांचा घोडा. आपल्या मुलीला कोण सांभाळणार हा प्रश्न आपला आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

वहिनीचा आवाज चढला नाही. मला वाटत होतं ती रडेल. ती म्हणाली, “साहेब, माझी चार वर्षं राहिलीत. डोळे मागच्या महिन्यात तपासलेत, पास झालेत. मी कुठलाही अर्ज दिलेला नाही. हा कागद कुणाचा, मला ठाऊक नाही.”

“बाई, असं काय करता?” मॅनेजर माईक बाजूला ठेवून हळू आवाजात बोलू लागला, पण शांतता एवढी होती की सगळं ऐकू येत होतं. “तुमच्या यजमानांनी शब्द दिलाय. आता वय झालं, नातीबरोबर राहा. किती जणींना हे भाग्य मिळतं?”

“भाग्य आहे ना? मग ज्याचं वय झालंय त्याला द्या. माझ्या यजमानांचं झालंय, साठ पूर्ण. माझं नाही.”

मिरची मागून ओरडली, “भाऊजी, पेन तिथंच आहे बघा! सही तुम्हीच करा!”

अख्खं उपाहारगृह हसलं. यंत्रांवरचे बाप्येसुद्धा. माझ्या भावाचे कान लाल झाले. “मी? तान्ह्या पोरीला मी सांभाळू? मला काय येतं त्यातलं?”

आणि मग मॅनेजरला उपाय सुचला. त्याने माझ्याकडे बोट केलं. “या मोठ्या ताई आहेत ना घरात? त्या बघतील की.”

मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. दोन्ही गुडघे गेलेले, हातात काठी, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. माझ्या शेजारी साठ वर्षांचा, रोज तासभर फिरणारा, दातसुद्धा सगळे स्वतःचे असलेला पुरुष उभा होता. आणि त्या माणसाची नजर त्याला ओलांडून माझ्यावर आली, कारण मी बाई. तो तक्ता करणारे विद्वान कारणं शोधत असतात. त्यांनी त्या दिवशी तिथे यायला हवं होतं, त्या नजरेचा प्रवास बघायला. त्यात कसली संस्कृती आणि कसली अर्थव्यवस्था!

त्यातून भाऊ मला म्हणाला, “ताई, तू तरी सांग हिला.”

“सांगते,” मी म्हटलं. “पण हिला नाही, तुला. तू तीन महिन्यांचा होतास तेव्हा आपली आई गेली. मी अठरा वर्षांची होते, पुढे शिकायला जागा मिळाली होती. तुला कडेवर घेतलं आणि ती जागा सोडली. मला काय येत होतं त्यातलं? तुझे लंगोट बदलता बदलता आलं. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतली सिस्टर मला शिकू द्या म्हणत दोनदा घरी येऊन गेली. बाबांनी तिला सांगितलं, ‘पोरीची स्वतःचीच इच्छा आहे.’ त्याही वेळी मला कुणी विचारलं नव्हतं. एका घरात दोनदा हे चालणार नाही.”

मला धाप लागली होती, सूनबाईने पाणी दिलं.

वहिनीने टेबलावरचा कागद उचलला, न वाचता मॅनेजरच्या हातात दिला आणि म्हणाली, “फुलं राहू देत, खरंच कुणी जाईल तेव्हा उपयोगी पडतील. मधली सुट्टी संपली, साहेब. अजून दोन ट्रे कुप्या बाकी आहेत.” तिने टोपी घातली, केस आत सारले आणि निघाली. तपासणीच्या सगळ्या जणी तिच्यामागे गेल्या. मिरचीने जाताजाता बशीतली बिस्किटं खिशात घातली.

मॅनेजरने तिला सुखाने राहू दिलं असं नाही. पुढच्या महिन्यात तिची पाळी बदलली, पहाटेची दिली. डोळ्यांची तपासणी सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांनी होऊ लागली, फक्त तिची. ती दोनदा जाऊन पास होऊन आली. “काढतील तर काढतील,” ती म्हणाली, “पण मी जाणार नाही.”

सोमवारी सूनबाई कामाला गेली. सकाळी जाण्याआधी तिने सासऱ्यांना बाटली उकळून दाखवली, लंगोट बदलून दाखवला, आणि जिन्यात माझ्यापाशी येऊन रडली. मी म्हटलं, “जा. पोरगी टिकेल, तिचा आजोबाही टिकेल.”

दोघेही टिकले. पहिला आठवडा फार वाईट गेला. चिमणीच्या रडण्याने आणि याच्या येरझाऱ्यांनी माझ्या डोक्यावर दिवसभर धडधड. मग हळूहळू कमी झालं. मुलगा शनिवारी घरी राहायला शिकला. भाऊ आता मान सांभाळून बाळ उचलतो, तापवलेलं दूध थेंबभर मनगटावर टाकून बघतो. वर्तमानपत्र वाचायला त्याला वेळ होत नाही.

या सगळ्याचा मला आनंद व्हायला हवा. होतोही. पण गल्लीत काय चाललंय तेही लिहिते. तो चिमणीला कडेवर घेऊन खाली उतरला की दुकानदार बाहेर येतो. “वा आजोबा, कमाल आहे तुमची!” समोरच्या इमारतीतल्या बायका खिडकीतून म्हणतात, “किती करतो बिचारा! असा सासरा मिळायला नशीब लागतं.” सूनबाईच्या प्रयोगशाळेत विचारतात, “घरी कोण बघतं?” ती “सासरे” म्हणाली की सगळ्या हळहळतात, “अरेरे, या वयात?” वहिनीने मुलाला वाढवलं, घर केलं, पहाटेची पाळी केली, तिला या गल्लीत कुणी ‘बिचारी’ म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. उलट तिच्याबद्दल म्हणतात, “नात टाकून कामाला जाते म्हणे.” तो सहा महिने करतो त्याचं कौतुक, ती तीस वर्षं करते त्याची हजेरीसुद्धा नाही. हे ऐकून माझं डोकं फिरतं, आणि मी खिडकी लावून घेते.

गेल्या मंगळवारी दुपारी दारावर टकटक झाली. भाऊ. कडेवर चिमणी, खांद्यावर तिच्या लाळेने भिजलेला टॉवेल, दाढी वाढलेली.

“ताई, जरा तासभर हिला धर ना. क्लबात पत्त्यांचा डाव आहे, सगळे वाट बघताहेत.”

“सूनबाई किती वाजता येते?”

“साडेपाच.”

“मग साडेपाचला जा.”

“अगं, तोवर डाव संपतो! तू रिकामीच तर आहेस.”

चिमणीने माझ्याकडे हात पसरले होते. मी तिचे दोन्ही हात धरले, एकेक पापा घेतला, आणि ते हात परत त्याच्या गळ्यात घातले.

“मी रिकामी नाही,” मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.

मग त्याची पावलं जिना चढून वर गेली.